मनोगतासाठी राखलेली दोन पानं

१

सव्वीस वर्षं मी लोकांचे ऋणनिर्देश वाचले. पोटासाठी वाचले, आवडीने नाही. छापखान्याच्या मुद्रितशोधन विभागात मी कामाला होते आणि कुठलंही पुस्तक आलं की त्याची पहिली दोन-चार पानं माझ्या टेबलावरून जायची. त्यामुळे हा प्रकार कसा चालतो ते मला तोंडपाठ आहे. आधी गुरुजन, मग मित्र, मग ज्यांनी लेखकाला घराबाहेर काढलं नाही ते घरचे. शेवटी 'अनवधानाने कुणाचा उल्लेख राहून गेला असल्यास मोठ्या मनाने क्षमा करावी', म्हणजे ज्याचं नाव मुद्दाम गाळलंय त्याने गप्प बसावं. मुद्रितशोधकाचे आभार सव्वीस वर्षांत तीनदा आले. त्यातल्या एकदा माझं आडनाव चुकलं होतं, आणि ती चूक मीच पकडली.

तेव्हा आम्ही या पानांना खूप हसायचो. आता माझी स्वतःची कादंबरी छपाईला चालली आहे, पहिली आणि या वयात बहुधा शेवटची, आणि तशीच दोन पानं माझ्यासाठी कोरी ठेवली आहेत.

"ताई, एका पानावर मनोगत, दुसऱ्यावर ऋणनिर्देश," संपादकाने सोमवारी फोनवर सांगितलं. "शुक्रवारी दुपारी छपाई सुरू होतेय. तुम्हाला काय, तासाभराचं काम."

मलाही तसंच वाटलं. शुक्रवारी सकाळी नऊ वाजता नवऱ्याच्या डोळ्याचं ऑपरेशन ठरलेलं होतं. त्याचा दुसरा डोळाही अधू आहे आणि आमचा जिना अंधारा. त्याला हाताला धरून खाली उतरवायचं, दवाखान्यात न्यायचं, हे मी कबूल केलं होतं. तेव्हा गुरुवारपर्यंत दोन्ही पानं उरकून टाकायची असं ठरवून मी कामाला लागले.

२

मी घरी लिहीत नाही. घरी रेडिओ असतो, नवरा असतो, आणि दर दहा मिनिटांनी त्याला काहीतरी सापडत नसतं. चार वर्षांपूर्वी मी चष्म्याच्या दुकानावरची एक खोली भाड्याने घेतली. एक टेबल, समोरासमोर दोन खुर्च्या, उत्तरेला खिडकी. सकाळी दहाला यायचं, पाचला निघायचं, अगदी नोकरीसारखं. चार वाजले की पेन खाली ठेवायचं आणि दिवसभरात लिहिलेलं मोठ्याने वाचायचं.

ही खोड छापखान्यातली. तिथे मुद्रितं जोडीने तपासायची पद्धत होती. एक जण मूळ हस्तलिखित मोठ्याने वाचणार, समोरचा छापील कागदावर नजर ठेवून बसणार. समोरच्याने बोलायचं नाही, कारण बोललं की दोघांचीही तंद्री मोडते. त्याने पेन्सिल उलटी धरून टेबलावर वाजवायची. एक टक म्हणजे थांब, चूक आहे. मग वाचणारीने वाक्याच्या सुरुवातीला परत यायचं. दोन टक म्हणजे ठीक, पुढे चल. वाचणारीने मान वर करायची नाही आणि मजकूर संपेपर्यंत जागेवरून उठायचं नाही. मी सव्वीस वर्षं वाचणारी होते. घसा बसायचा, पण मान वर झाली नाही कधी.

खोली घेतल्याला दोनेक महिने झाले असतील. चार वाजता मी वाचत होते आणि एक टक ऐकू आली. मी थांबले, वाक्याच्या सुरुवातीला परत आले. एकच शब्द दोनदा पडला होता. तो काढला. दोन टक. मी पुढे गेले.

यात मला तेव्हा काही वावगं वाटलं नाही, हे आता लिहिताना कसंसंच होतं. भिंत पातळ असेल, पलीकडे आमच्याच धंद्यातलं कुणी निवृत्त, कंटाळलेलं माणूस राहत असेल, असं मी धरून चालले. आणि जोडीदार कोण हे आमच्याकडे विचारत नसत. वरून जो समोर बसवला जाई तो आपला. चार वर्षं माझं प्रत्येक पान त्या टकटकीखालून गेलं आणि कादंबरी सुधारली, हे मान्य करायला हवं.

३

मंगळवारी चार वाजता मी ऋणनिर्देश वाचायला घेतला.

'माझ्या पतीच्या खंबीर पाठिंब्याशिवाय हे लेखन शक्य झालं नसतं.'

एक टक.

मी वाक्य तपासलं. ऱ्हस्व-दीर्घ सगळं जागच्या जागी. परत वाचलं. एक टक. 'खंबीर' काढला. एक टक. मग मला चेव आला आणि मी लिहिलं, 'माझ्या पतीने चार वर्षांत या लेखनाबद्दल एकदाही विचारलं नाही, त्यामुळे ते निवांतपणे झालं.'

दोन टक.

मला हसू फुटलं. पलीकडचा माणूस गमत्या दिसतो असं मनात आलं आणि ते हसू तोंडातच राहिलं. एक शब्द दोनदा आलाय हे भिंतीपलीकडून कळू शकतं. माझ्या नवऱ्याने मला काय विचारलं नाही, हे कसं कळणार?

पुढचं वाक्य मी जरा हळू वाचलं. 'शाळेतल्या बाईंनी मला लिहायला शिकवलं.' एक टक. शाळेतल्या बाईंनी माझी निबंधाची वही वर्गासमोर वाचून सगळ्यांना हसवलं होतं. ही गोष्ट मी नवऱ्याला सांगितलेली नाही, बहिणीला नाही, कुणालाच नाही. मी पेन उचललं आणि जे घडलं होतं तेच लिहिलं. अक्षर वेडंवाकडं आलं.

दोन टक.

४

बुधवारी सकाळी मी खाली चष्मेवाल्याकडे गेले. म्हटलं, आभार मानायचे तर माणसाचं नाव नीट हवं.

"बाजूच्या खोलीत कोण राहतं हो?"

"बाजूच्या? फ्रेमा राहतात," तो म्हणाला. "का, काही त्रास आहे का मॅडम?"

त्याने किल्ली घेतली आणि वर येऊन दार उघडून दाखवलं. माझ्या बाजूच्या भिंतीला जमिनीपासून छतापर्यंत फळ्या, फळ्यांवर खोकी, खोक्यांवर बोटभर धूळ. भिंतीपर्यंत हात पोचायलासुद्धा जागा नव्हती.

"मी दोन महिन्यांतून एकदा येतो, खोकं ठेवतो, जातो," तो म्हणाला. "आणि ही भिंत हातभर जाड आहे. तुम्ही तिकडे कितीही ओरडलात तरी इकडे काही यायचं नाही. उंदीर झालेत का?"

"हो," मी म्हणाले. "उंदीरच असतील."

माणसाला समजूत घालून घ्यायची असली की काहीही पुरतं. मला पाण्याचे पाइप पुरले. पाइप तापतात, गार होतात, वाजतात. पाइपांना माझ्या शाळेतल्या बाई कशा माहीत, हा प्रश्न मी बाजूला ठेवला. त्या दिवशी मात्र मी चार वाजता वाचलं नाही. ओठ मिटून मनोगत लिहीत बसले.

बुधवारी संध्याकाळी पाच वाजता मी खोली बंद करून घरी गेले. नवरा डोळ्यांत औषधाचे थेंब घालून आडवा पडला होता.

"माझं नाव घातलंस का?" त्याने डोळे मिटूनच विचारलं.

"घातलंय."

"आधी की शेवटी?"

"मधे."

"म्हणजे कुणी वाचणार नाही," तो म्हणाला. मला बरं वाटलं. घरात रेडिओ लागलेला होता.

५

गुरुवारी अकराच्या सुमारास खोलीत त्याचा फोन आला.

"अगं, यायचं नव्हतं तर कळवायचंस तरी. साडेदहापर्यंत जेवायचा थांबलो होतो मी."

"कधी?"

"काल, अजून कधी?"

"काल मी घरी होते. तू थेंब घालून पडला होतास. आपण बोललो नाही का, तुझ्या नावाबद्दल?"

तो म्हणाला, "थेंब घातले की दिसत नाही मला. ऐकू येतं."

"सकाळी सकाळी मस्करी नको."

"बरं बाई, होतीस. उद्या मात्र खरीखुरी ये. मला एकट्याला तो जिना उतरवणार नाही."

फोन ठेवल्यावर मी खोलीत नजर फिरवली. खिडकीत डबा होता, बुधवारचा, न घासलेला. तो मी विसरून गेले असेन. अंगावर कालचेच कपडे होते. पण मी कितीदा तरी तेच कपडे दोन दिवस घालते. मी कालची संध्याकाळ पुन्हा आठवून पाहिली. नवऱ्याचा आवाज आठवला, रेडिओ आठवला. वाटेतलं काही आठवेना. कुठला रस्ता ओलांडला, खाली कोण भेटलं, दाराची किल्ली कुठल्या हाताने लावली, यातलं काहीच नाही.

तेव्हाच पर्स उचलून घरी निघायला हवं होतं. पण मनोगत अर्धं होतं आणि अर्धं काम टाकून उठायची मला सवय नाही. मी टाचणीला फोन केला आणि भिंतीतल्या टकटकीचं सांगितलं.

६

टाचणी ही माझी छापखान्यातली शेवटची जोडीदारीण. अंगाने बारीक आणि बोलायला टोकदार, म्हणून हे नाव. सुटलेला काना मी मैलावरून हेरायचे म्हणून ती मला 'काना' म्हणते. यंत्रांच्या आवाजाने तिचा उजवा कान गेलाय.

दुपारी दोनला ती आली आणि सवयीने माझ्या समोरच्या खुर्चीत बसली. बसली तशी उठली.

"ही गरम का गं?"

"ऊन येतं तिच्यावर."

तिने खुर्ची ओढून टेबलाच्या बाजूला घेतली. खिडकी उत्तरेची आहे, तिच्यातून ऊन कधीच येत नाही, हे मला तिने खुर्ची हलवल्यावर आठवलं.

"मी वाचते," मी म्हणाले. "तू नुसती बस."

'ही कादंबरी मी चार वर्षांत लिहिली.'

एक टक.

मी मान न उचलता तिरक्या नजरेने टाचणीकडे पाहिलं. तिचे दोन्ही तळहात टेबलावर पालथे ठेवलेले होते. "मी नाही वाजवलं," ती म्हणाली. मी वाक्य पुन्हा वाचलं. एक टक. चटका बसावा तसे तिने हात उचलले.

"काना, तू भिंत म्हणत होतीस ना? हे भिंतीतून नाही येत. टेबलातून येतंय."

ती उठली आणि बोटांनी टेबलाची कड चाचपत गेली. रिकाम्या बाजूला, उजव्या हाताला, तिचं बोट थांबलं. मी वाकून पाहिलं. लाकडात वाटाण्याएवढा खळगा होता, घासून गुळगुळीत झालेला. छापखान्यात प्रत्येक टेबलाला तसा असायचा. समोरच्याची पेन्सिल वर्षानुवर्षं एकाच जागी वाजली की पडतो.

"टेबल जुनं घेतलंस का?"

"नाही. सुताराकडून नवीन करून घेतलंय."

टाचणीने खुंटीवरची माझी पर्स काढली आणि माझ्यासमोर धरली. "ऊठ. चल माझ्याबरोबर."

"दोन ओळी राहिल्यात गं."

"राहू देत."

"उद्या छापायला जातंय टाचणे. आयुष्यात एक पुस्तक झालंय माझं."

ती दारापर्यंत गेली. तिथून वळून म्हणाली, "तुझ्या त्या यादीत माझं नाव आहे?"

"आहे. तिसरं."

"काढ."

"अगं, आभारच मानलेत मी—"

"काढ म्हणते ना. आत्ता, माझ्यासमोर."

मी तिच्या नावावर आडवी रेघ मारली. दोन टक. तिने पर्स खाली ठेवली. जिन्यावर ती बराच वेळ थांबली होती, मला तिचा श्वास ऐकू येत होता. मी येईन अशी तिला आशा असावी. मग पावलं उतरत गेली.

७

'ही कादंबरी मी लिहिली.' एक टक.

'ही कादंबरी आम्ही लिहिली.' एक टक.

मला राग आला. पाचव्या प्रकरणात मरणारी आई माझी आई आहे. तिच्या उशाखालचा कंगवा माझ्या कपाटात आहे. तो लिहिणारं दुसरं कोण असणार? मी समोरच्या बाजूला हे सगळं बोलून दाखवलं. खुर्ची टेबलाच्या बाजूला होती, टाचणीने ठेवली होती तिथेच. मला नक्की आठवतं, कारण मी बोलत होते ती रिकाम्या जागेशी.

मग रागाच्या भरातच मी लिहिलं, 'ही कादंबरी मी वाचली.'

दोन टक.

मी सगळं हस्तलिखित काढून पाहिलं. चारशे पानं, सगळं अक्षर माझं. मी एखादी सकाळ आठवायचा प्रयत्न केला, नुसती एक, जेव्हा मी हे लिहीत होते. दहाला टेबलाशी बसल्याचं आठवलं. चारला पहिलं वाक्य वाचल्याचं आठवलं. अशा हजारभर दिवसांमधलं दहा ते चार मला सापडलं नाही. मी रडले. इतकं एकटं मला आई गेली तेव्हाही वाटलं नव्हतं.

८

म्हणून मी हे लिहायला घेतलं. म्हटलं, आता जे झालं तेच लिहायचं, एक शब्द इकडचा तिकडे करायचा नाही. सगळं खरं असेल तर कुठेच अडणार नाही, मजकूर संपेल, आणि मजकूर संपला की वाचणारीला उठता येतं. संपादकाच्या दोन पानांत हे बसणार नाही, पण मनोगत म्हणून माझ्याकडे हेच आहे.

आता मी ते पहिल्या ओळीपासून मोठ्याने वाचते आहे. ऋणनिर्देशाची थट्टा, दोन टक. शाळेतल्या बाई, दोन टक. चष्मेवाला, दोन टक. एकाच ठिकाणी अडलं.

'बुधवारी संध्याकाळी पाच वाजता मी खोली बंद करून घरी गेले.'

एक टक. मी वाक्याच्या सुरुवातीला आले. एक टक. पुन्हा आले. ते वाक्य ओलांडून पुढचं वाचायचा मी प्रयत्न केला, पण सव्वीस वर्षांच्या सवयीचा घसा आहे, तो आपणहून मागे जातो. शेवटी मी त्या वाक्यावर रेघ मारली आणि खालच्या सगळ्या संभाषणावर मारली. हस्तलिखितात रेघ मारलेलंही दिसत राहतं, म्हणून ते तुम्हाला वाचता आलं.

मग मी मान वर केली. वाचताना आयुष्यात पहिल्यांदा केली.

खुर्ची समोर होती. टेबलाच्या कडेला पेन्सिलीचं उलटं टोक दिसलं आणि ते धरणारी दोन बोटं, शाईने पेरापर्यंत काळी. त्यांच्यावर उभा धरलेला एक कागद. समोरचा असाच कागद धरतो, चेहरा त्याच्या मागे असतो. खिडकीचा उजेड कागदातून येत होता आणि उलटी अक्षरं मला वाचता येत होती, ते तर माझं कामच होतं. हेच पान होतं. पण मी जिथवर लिहिलंय तिथे ते संपत नव्हतं. खाली आणखी ओळी होत्या, अगदी तळापर्यंत. मी मान खाली घातली.

खिडकीत उजेड आहे. सकाळचा की दुपारचा ते उत्तरेच्या खिडकीतून कळत नाही. फोन टेबलाच्या पलीकडच्या कडेला थरथरतो आहे. थांबतो, पुन्हा थरथरतो. त्याच्यावर नवऱ्याचं नाव दिसतंय. तो वरच्या पायरीवर उभा असेल, एक हात कठड्यावर आणि दुसरा पुढे केलेला. त्याला वाटत असेल मी वाटेत आहे.

एवढंच राहिलंय. एवढं लिहिलं की झालं.

'शुक्रवारी सकाळी मी नवऱ्याचा हात धरून त्याला जिना उतरवला.'

एक टक.

'शुक्रवारी सकाळी मी घरी जायला निघाले.'

एक टक.

'मी उठले.'

एक टक.

फोन थांबला. या वेळी तो पुन्हा वाजला नाही.

'मी वाचते आहे.'

दोन टक.